चौकशीचं झाड

शेषरावकाकांच्या फाटकासमोरून जायचं असेल तर घरून जरा लवकरच निघावं. बुलढाण्यातल्या आमच्या गल्लीत नव्या भाडेकरूलाही हे पहिल्या आठवड्यातच कळतं. काका खुर्ची टाकून बसलेले असतात, मागे त्यांचं झाड असतं, आणि माणूस दिसला रे दिसला की प्रश्न येतो, "भाऊ, हे झाड कायचं होय, सांगा बरं?"

जाणारा थांबतो. फुकटचं ज्ञान द्यायला आपल्याकडे कोण नाही म्हणतं? मान वर करून तो शेंड्याची कपासारखी केशरी फुलं बघतो आणि ठोकून देतो, "गुलमोहर."

काका मान हलवतात. "जवळ आले, पन नोहे. बसा, चहा घ्या."

अक्रोड म्हणणारे सलीमभाई केळीवालेही जवळ आले. एक इंजिनियर पळस म्हणाला, तोसुद्धा जवळच. इतकी माणसं त्या झाडाच्या जवळ आली, पण नावापर्यंत एकही पोचला नाही.

काका नोकरीला बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीत होते. सारा जन्म 'मेहकरची गाडी कवा?' ऐकण्यात गेला. बोलणं अजून तसंच. दूधवाला उशिरा आला की "आज दूध लेट हाय", कुकर उतरला की "वरण फलाटावर लागलं". लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, "दुसऱ्यायच्या गाड्या सांगता सांगता आपली निंघून गेली." आणि स्वतःच हसत.

झाडाचं मात्र मला हसू येईना. बघता बघता ते आमच्या गच्चीच्या वर गेलं. मी उन्हात कुरडया घालाव्या आणि त्याचं कागदासारखं बी उडत येऊन त्यांना चिकटावं. मोगऱ्याच्या वाफ्यात त्याची रोपं, मोरीच्या फटीत त्याची रोपं. एकदा वाऱ्यात फांदी काडकन मोडून आमच्या टिनांच्या छपरावर पडली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता एक त ते झाड राहीन, नाही त मी." यांनाच ठेवायचं ठरवून मी कामाला लागले.

माझी बहीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला पानाफुलांचे फोटो पाठवले. ती फोनवर म्हणाली, "कळी दाबून पाहा." दाबली. आतलं पाणी सरळ माझ्या डोळ्यात उडालं. "मग पिचकारीच," म्हणून ती हसत सुटली. हसून झाल्यावर सांगितलं, की शोभेसाठी परदेशातून आणलेलं हे झाड, बी वाऱ्यावर जातं, मुळापासूनही फुटतं, आणि जिथे माजतं तिथे आपल्या झाडांना जागा ठेवत नाही. गावाबाहेरच्या डोंगरापर्यंत पोचायच्या आत काढलेलं बरं.

मी पदरानं डोळा पुसत कुंपणाशी गेले. "काका, सापडलं. पिचकारी होय हे."

'जवळ आली' ऐकायच्या तयारीतच होते. पण काकांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"हळू बोल, पोरी. मले ठाऊक हाय. रोप देणाऱ्यानं नाव सांगूनच देल्लं होतं."

"मंग एवढे दिवस सगळ्यायले काऊन विचारून राह्यले?"

"खिडकीवर एक पाह्यलं म्या," काका म्हणाले. "गाडीचा टाइम सांगतला का मानूस चाल्ला जाते. पन 'गाडी लेट हाय, कवा येईन मले बी नाही ठाऊक' म्हटलं, का तो तिथंच टेकते. मंग पोरीचं लग्न सांगते, दवाखाना सांगते." मग झाडाकडे पाहून म्हणाले, "झाडाचं नाव सांगतलं असतं त कोन थांबलं असतं?"

माझी सगळी फुशारकी तिथंच ओसरली. फार वाईट वाटलं. तरी डोंगराचं बोलावंच लागलं, ते कसंबसं बोलले.

सगळं ऐकून काका म्हणाले, "तुह्या कुरडयायचं मले काही नाही. एक कुरडई बी कधी देली नाही तू मले. पन डोंगरातल्या झाडायची जागा घेईन, थे बरं नाही."

झाड तोडणाऱ्याला त्यांनी स्वतःच बोलावलं, मुळंसुद्धा खणून काढायला लावली. गल्ली जमली. "पण होतं तरी कायचं?" सलीमभाईंनी विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कोणाले ठाऊक, भाई."

त्यानंतरही खुर्ची फाटकाशीच असायची. माणसं 'राम राम काका' म्हणायची आणि चालतच पुढे जायची. मला ते बघवेना.

रविवारी मी नर्सरीतून सीताफळाचं रोप आणलं. आमच्या भागात शेंबडं पोरही सीताफळ ओळखतं. ते घेऊन, सोबत डबाभर कुरडया घेऊन, काकांसमोर उभी राहिले.

"काका, हे कायचं होय, सांगा बरं? नर्सरीवाल्यालेच नाव नाही येत."

काकांनी चष्मा लावला. पान चुरगाळलं, वास घेतला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आत जायला उठले.

"हे त लई लेट दिसते, पोरी," ते म्हणाले. "बस, चहा मांडतो."