असलम मागे झोपलाय

"माझ्या हातची सहल आहे, तिच्यात चूक शोधून दाखवा!" असं योगराजने ज्या दिवशी जाहीर केलं, त्याच दिवशी देवाने बहुधा चष्मा पुसून शोधायला सुरुवात केली असावी.

योगराज म्हणजे जळगावच्या मेहरूणमधला पंपदुरुस्तीवाला. जळलेली मोटार नुसती हुंगून ती कोणाच्या आळशीपणाने जळाली ते सांगायचा. पण माणसाशी मनातलं बोलायची वेळ आली, की बिचाऱ्याच्या आतल्या तारा उलट्यासुलट्या जोडल्या जायच्या. पोटात एक, ओठांवर भलतंच!

त्याचा जिवलग दोस्त असलम गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा. दोघांची गल्ली एक, शाळा एक, गुरुजींनी तोडलेली छडीसुद्धा एकच. एके सकाळी असलम दुकानात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "योग्या, आमच्या पोराने, शेहजादने, सुरतेला दुकान टाकलं. आम्हाला बोलावतोय. आम्ही चाललो. कायमचे."

योगराजच्या छातीत काहीतरी खाडकन तुटलं. 'जाऊ नको' हे दोन शब्द घशापर्यंत आलेही. पण तोंडातून बाहेर काय पडलं? "सुरतेला नाश्त्याला लोचो चांगला मिळतो म्हणे!"

असलम त्याच्याकडे बघत राहिला. "हां, मिळतो," म्हणाला आणि गेला.

त्या लोचोने योगराजची झोप उडवली. शाळेत असल्यापासून ठरत आलेली आणि दर वेळी मोडलेली चरणमाळ घाटाची सहल त्याने तडकाफडकी ठरवली. हिरवे डोंगर असतील, गार वारा असेल, तिथे तरी जीभ सरळ वळेल अशी त्याला आशा होती. तिसरा भिडू नीलेश. हा शाळेत क्लार्क. कोणाच्याही लग्नात पहिल्या पंगतीला, आणि कुठल्याही घाटात पहिल्या वळणाला ओकणारा! त्यामुळे गाडीतली पुढची सीट त्याच्यासाठी जन्मभर राखीव होती.

निघताना योगराजने स्टीलचा डबा पुढे केला.

"मोबाइल बंद करा आणि टाका यात! दोन दिवस फोन नाही. आपण तिघं, आणि फक्त गप्पा."

"अहो, पण काही झालं तर?" त्याच्या बायकोने, दिपमालाने विचारलं.

"काय होणार आहे? नियोजन कोणाचं आहे?"

दिपमाला गप्प बसली. लग्नाला वीसेक वर्षं झाली की बायका अशा वेळी गप्पच बसतात. त्यांना पुढचं दिसत असतं.

असलमच्या बायकोने, रईसाने, घाटात थंडी वाजेल म्हणून एक रजई दिली होती. ती रजई होती की हत्तीचं पिल्लू, कोण जाणे! मागची सीट तिनेच भरून गेली. पारोळा यायच्या आत असलम तिच्यात डोक्यापासून पायापर्यंत शिरला आणि घोरू लागला. धुळं गेलं, साक्री गेली, पिंपळनेर आलं, तरी हा आपला घोरतोच आहे.

"याला काय बोलणार मी, डोंबल?" योगराज मनात चरफडला.

पिंपळनेर सोडून घाट सुरू झाला तशी एका वळणावर बुधीबाईची चहाची टपरी लागली. बाजूलाच उकडलेल्या शेंगा आणि सीताफळांच्या टोपल्या. असलम उठला. जोडे कोण घालणार म्हणून गाडीतल्या रबरी चपला पायात सरकवून, टोपी डोक्यावर ठेवून खाली उतरला. रजई होती तशीच सीटवर ढीग होऊन पडली आणि जोडे खाली राहिले. तिघांनी चहा घेतला. मग असलम रईसासाठी सीताफळं निवडायला टपरीमागे गेला. आता असलमचं निवडणं म्हणजे! एकेक फळ दाबून, वास घेऊन, त्याच्या घरच्यांची चौकशी केल्यासारखं करून मगच पिशवीत टाकणार.

इकडे योगराजने शेंगा घेतल्या, गाडीत बसला आणि मागे वळून पाहिलं. रजईचा ढीग दिसला. जोडे दिसले.

"झोपला परत! चल निल्या, बस."

आणि गाडी निघाली.

पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते. डोंगर असे हिरवे, की कोणीतरी ताजा रंग मारून 'हात लावू नये' अशी पाटी लावायला विसरला असावा. दरीत भाताच्या खाचरांचे तुकडे, वर सागाची गर्दी, मध्येच ढगाची सावली एका डोंगरावरून दुसऱ्यावर जायची. योगराजचा जीव भरून आला. नीलेशचा गळा भरून आला.

"थांब! थांब! आलं!"

गाडी कठड्याशी थांबली. नीलेश दार उघडून पळत वळणाआड गेला. गाडीत उरले योगराज आणि मागे पांघरुणातला असलम. इंजिन बंद. वारा. अशी वेळ पुन्हा येणार नव्हती.

योगराजने स्टिअरिंग घट्ट धरलं. मागे वळून बघितलं असतं तर परत लोचो निघाला असता, म्हणून त्याने नजर समोरच्या डोंगरावरच ठेवली.

"अस्ल्या, जागा आहेस ना? नसलास तरी चालेल. तू उठू नको. उठलास तर मला बोलता येणार नाही." तो खाकरला. "तुझ्या दुकानाचं शटर सकाळी वर जातं ना, त्या आवाजाला मी उठतो. घड्याळ लावलं नाही मी कधी. आता मला कोण उठवणार रे? दिपमालाच्या ऑपरेशनला रक्त तू दिलंस. मी तुला काय म्हटलं? 'बिस्कीट खा!' दुसरं काही सुचलंच नाही. पण त्या रात्री मी घरी जाऊन रडलो, हे तुला..."

पों! पों पों पों!

मागून एक काळी-पिवळी जीप आली. आत माणसं कोंबलेली, मागे दोन-तीन लटकलेली. त्यातला एक तर टोपी हलवून काहीतरी ओरडत होता. योगराजला असा संताप आला! माणूस आयुष्यात एकदा मन मोकळं करतोय, तर तेवढीही शांतता नाही? त्याने नीट न बघताच खिडकीतून हात काढला आणि 'जा बाबा, पुढे जा' असा हलवला. जीप गेली.

"तर मी काय म्हणत होतो," योगराज म्हणाला. आता त्याचा आवाज चिरकला. "नको जाऊ, अस्ल्या. जाशील तर जा, मुलाकडे जावंच लागतं. पण मला नको वाटतं, एवढंच. तू गेलास की मेहरूणमध्ये मला 'योग्या' म्हणणारं कोणी उरत नाही. सगळे 'योगराजभाऊ' म्हणतात. भाऊ म्हटलं की मला म्हातारं झाल्यासारखं वाटतं."

मागे शांतता. योगराजला वाटलं, असलम रडतोय. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

नीलेश तोंड पुसत परत आला. शेवटची दोन वाक्यं त्याने खिडकीतून ऐकली होती आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. अर्थात ते ओकण्याचंही असू शकेल.

"अरे अस्ल्या, बोल ना काहीतरी! मित्र एवढं बोलला," असं म्हणून त्याने मागचं दार उघडलं आणि रजई ओढली.

रजई आली. तिच्या मागोमाग उशी आली. आणखी काहीच आलं नाही.

दोघं त्या उशीकडे बघत राहिले.

"अरे," नीलेश हळूच म्हणाला, "असलम कुठाय?"

गाडी इतक्या वेगाने परत फिरली, की नीलेशला दुसऱ्यांदा ओकायलाही सवड मिळाली नाही. टपरीवर बुधीबाई कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"तो टोपीवाला भाऊ? तो ते नवापूरनी जीपमा बशीसन गया! तुम्हना मांगे कितला बोंबलना बिचारा, गाडीमांगे पयना बी! गाडी काही थांबनी नही." मग तिने दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कसा दोस्त शेतस भाऊ तुम्ही? मानूस इसरी गयात, अन् शेंगा मातर लई गयात!"

जीप! टोपी हलवणारा! योगराजच्या डोळ्यांसमोर आपलाच हात आला, 'जा बाबा, पुढे जा' करणारा.

पुन्हा गाडी वळली, पुन्हा घाट. आणि ज्या वळणावर योगराजने मन मोकळं केलं होतं, नेमक्या त्याच कठड्यावर असलम बसला होता, सीताफळ खात! रबरी चपला धुळीने माखलेल्या, बिया दरीत थुंकणं चालू.

"अबे, जीपमधून तुला हाका मारल्या!" तो ओरडला. "तू हात केलास! मला वाटलं, ओळखलं, आता इथेच थांबून राहतो. म्हणून पुढे जीप थांबवून उतरलो, चालत आलो, तर गाडी गायब! काय खेळ लावलाय?"

योगराज गाडीतून उतरला. धावत जाऊन त्याला मिठी मारावी असं त्याला फार फार वाटलं. तो धावलाही. जवळ जाऊन त्याने असलमच्या हातातलं अर्धं सीताफळ काढून घेतलं आणि म्हणाला, "गोड आहे का?"

तेवढ्यात नीलेशला डबा आठवला. फोन चालू केले मात्र, तिन्ही एकदम असे थरथरायला लागले, जणू कोणी आत भुंगे कोंडले होते!

झालं होतं असं. असलमने जीपमधल्या एकाचा फोन मागून घेतला होता. आजकाल नंबर पाठ कोणाला असतात? त्याला फक्त रईसाचा आठवला. जीपच्या खडखडाटात तो ओरडला, "घाट में मुझे छोड़ के योग्या गया!" रईसाला ऐकू आलं, "घाट में... योग्या गया!" आणि रेंज गेली.

ती तशीच रडत दिपमालाकडे धावली. दिपमालाने फोन लावला, बंद. नीलेशला लावला, बंद. मग काय! अंगणात खुर्च्या आल्या. पारोळ्याहून योगराजचा मावसभाऊ निघाला. नीलेशच्या शाळेतल्या कोणीतरी तर योगराजचा फेटा बांधलेला फोटो शोधून 'भावपूर्ण श्रद्धांजली' ग्रुपवर टाकलीही होती.

योगराजने घरी फोन लावला.

"हॅलो, मी योगराज."

पलीकडून दिपमालाचा आवाज आला, "कोण?"

"अगं मी! मी जिवंत आहे!"

"आत्ताच्या आत्ता घरी या!" दिपमाला रडत रडत किंचाळली. "मग बघते किती वेळ जिवंत राहता ते!"

सहल तिथेच संपली. घाट अर्धाही चढला नव्हता. वर काय दिसतं, पलीकडचं खोरं कसं आहे, ते बघायचं तिघांनी शाळेपासून ठरवलं होतं, आणि ते राहिलं ते राहिलंच.

परत येताना नीलेश श्रद्धांजल्या वाचून दाखवत होता. ज्या माणसांनी योगराजला कधी धड नमस्कार केला नव्हता, त्यांनी रडून रडून लिहिलं होतं. कोणाच्या तरी मते तो 'दिलदार' होता, एकाच्या मते 'मेहरूणचा आधारवड'. योगराजला वाटलं, सगळ्या जगाला कसं जमतं? मलाच जमत नाही!

असलमला आता पुढे बसवलं होतं, नजरेसमोर. नीलेश मागे, पिशवी तोंडाशी धरून. धुळं दिसू लागलं तेव्हा असलम म्हणाला, "योग्या, हा निल्या सांगतोय, तू मला गाडीत काहीतरी बोलत होतास. मी नव्हतो तेव्हा. काय बोललास?"

नीलेशने मागे तोंडाची पिशवी खाली केली. योगराजने तोंड उघडलं. शटर, बिस्कीट, योग्या, सगळं जिभेवर रांगेत उभं होतं.

"काही नाही रे," तो म्हणाला. "मागचं सीटकव्हर उसवलंय म्हटलं. जायच्या आधी तेवढं शिवून दे."

असलमने काच खाली केली. खिडकीबाहेर बघत राहिला.

सामानाचा ट्रक आला त्या सकाळी, सगळं बांधून झाल्यावर, असलम सुई-दोरा घेऊन योगराजच्या दारात हजर झाला. गाडीत मागे शिरला. बोटांनी शिवण चाचपत सीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. योगराज दाराशी वाकून उभा.

"कुठे उसवलंय रे?"

"तिथेच कुठेतरी. नीट बघ ना. घाई काय आहे?"

गल्लीच्या तोंडाशी ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. असलमने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात केली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिपमालाचा खणखणीत आवाज आला, "अहो, त्या सीटला काही एक झालेलं नाही! कालच पुसलीय मी!"

"तू गप बस गं!" दोघंही एकदमच ओरडले.