सदर मनगट ओलं की सुकं

बसा असे त्या लोकरीच्या गठ्ठ्यावर. बसा हो, काही होत नाही त्याला. चहा ओतून घ्या, आणि मी एक गोष्ट सांगतो ती नीट ऐका, म्हणजे लोकशाही अजून कुठं जिवंत आहे ते तुम्हाला कळेल.

माणसाचा हात माणसाच्या खांद्याला लावलेला असतो, पण तेवढ्यावरून तो हात त्याचाच आहे असं म्हणता येत नाही. आमच्या ऑस्ट्रेलियात हिलस्टनच्या पलीकडं मेंढ्या कातरायच्या जेवढ्या शेडी आहेत, तिथं हे सगळ्यांना मान्य आहे. फक्त वॅगा शहरातल्या हाडांच्या डॉक्टरला मान्य नाही. घोळ सगळा तिथूनच सुरू झाला.

आमचा लेस्टर डगन जन्मभर मेंढ्या कातरत आलेला गडी. मध्यंतरी एका एडक्यानं त्याला हिसका दिला (एडक्याची बाजू ऐकून घेतलेली नाही), लेस्टर उजव्या हातावर पडला आणि मनगटातल्या दोन बारक्या हाडांना बांधून ठेवणारी दोरी तुटली. लिगामेंट म्हणतात तिला. डॉक्टरनं फोटो काढून हाडांमधली फट दाखवली.

"शिवून घेतलंस तर मनगट टिकेल, पण थोडं आखडेल," डॉक्टर म्हणला. "बरेच महिने मेंढीला हात लावायचा नाही. नाही शिवलंस तर आज काम चालेल, पुढं हाडं घासत जातील. खात्री मी कशाचीच देत नाही. पण फार थांबू नकोस, दोरी आकसली की शिवायला काही राहत नाही. शनिवारी सकाळची जागा तुझ्यासाठी धरून ठेवतो."

"मग करू का नको?"

"हात तुझा आहे, लेस्टर. तू ठरव."

आता तुम्हीच बघा. एवढा शिकलेला माणूस, भिंतभर सर्टिफिकिटं टांगलेली, आणि विचारतो कुणाला? तर ज्याला बायकोनं आजवर पडद्याचा रंगसुद्धा निवडू दिला नाही त्याला!

लेस्टर घाबरला. ऑपरेशनला नव्हे, ठरवायला. ऑपरेशन बिघडलं तर डॉक्टरला शिव्या घालता येतात. ठरवणं बिघडलं तर कुणाला घालायच्या? म्हणून कुठलाही जबाबदार माणूस करील तेच त्यानं केलं. मनगट घेऊन शेडीत आला आणि म्हणला, "पोरांनो, मतदान घ्या."

आमच्यात मतदानाची रीत जुनी आहे. ओली मेंढी कातरली की गडी आजारी पडतो, म्हणून पाऊस पडून गेला की मेंढ्या ओल्या की सुक्या यावर भांडण होतं. मालकाला त्या कायम सुक्या दिसतात. गड्याला त्या ओल्या दिसतात, विशेषतः सोमवारी. म्हणून प्रत्येकानं दोन मेंढ्या कातरायच्या, मग चिठ्ठीवर 'ओल्या' नाहीतर 'सुक्या' लिहून टोपीत टाकायचं. ओल्या जिंकल्या की काम बंद. सुक्या जिंकल्या की काम चालू. बरोबरी झाली तर आणखी दोन कातरायच्या आणि परत मत द्यायचं. मालकाला मत नाही. मेंढीलाही नाही. (ती ओली आहे की नाही हे तिला स्वतःला माहीत असतं, त्यामुळं ती तटस्थ राहू शकत नाही.)

शेडीचा निवडलेला पुढारी विरेमू. न्यूझीलंडहून आलेला, अंगानं दार भरून टाकणारा, नियमाला एकदम पक्का. त्यानं कान खाजवून निर्णय दिला.

"मेंढी ओली निघाली की काम थांबतं. ऑपरेशन केलं की काम थांबतं. म्हणजे ऑपरेशन म्हणजे ओलं. न करणं म्हणजे सुकं. नियम तोच लागू."

"आणि माझं मत?" लेस्टरनं विचारलं.

"तू मेंढीच्या जागी आहेस, काका."

लेस्टरला हे पटलं. खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं.

राहिले सहा मतदार. नियमाप्रमाणं लेस्टरनं सदर मनगटानं दोन मेंढ्या कातरल्या. दुसरी सोडली तेव्हा त्याचं तोंड तिच्याहून पांढरं होतं. (याची नोंद झाली नाही, कारण प्रश्न मनगटाचा होता, तोंडाचा नव्हता.)

निकाल लागला तीन ओली, तीन सुकी.

मत गुप्त असतं, त्यामुळं कुणी काय लिहिलं हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातल्या डेलनं ओलं लिहिलं, कारण लेस्टरची जागा खिडकीपाशी आहे, तिथं वारा लागतो आणि ती त्याला हवी आहे. म्हाताऱ्या पर्सीनं सुकं लिहिलं, कारण लेस्टर गेला तर शेडीत सगळ्यात मंद पर्सीच ठरणार. बाकीच्यांनीही असाच खोल विचार केला होता.

ज्यांना मत नव्हतं त्यांना भाषणाची मुभा होती. स्वयंपाकीण माव्हिस मटणाचं भांडं घेऊनच उभी राहिली. "माझ्या मेव्हण्यानं गुडघ्याचं ऑपरेशन केलं आणि दोन वर्षांत मेला."

"गुडघ्यानं?" पर्सीनं विचारलं.

"ट्रॅक्टरखाली. पण ऑपरेशन झालेलं होतं ना?"

(आमच्या शेडीतल्या पाहणीनुसार दर दहा माणसांमागं अकरा जणांच्या मेव्हण्याचं ऑपरेशन झालेलं असतं, आणि त्यातलं एकही मनगटाचं नसतं.)

बरोबरी झाली म्हणून लेस्टरनं आणखी दोन कातरल्या. परत बरोबरी. आणखी दोन. आता माव्हिसच्या भाषणानं एक ओलंवाला फिरला आणि लेस्टरचं कण्हणं ऐकून एक सुकंवाला फिरला. परत तीन-तीन. विरेमूला भरून आलं. "बघा, माणसं मतं बदलतायत आणि तरी तोल सुटत नाही," तो म्हणला. "याला म्हणतात समंजस शेड."

शुक्रवारी दुपारी लेस्टरची बायको रोएना गाडी घेऊन आली. मागं बॅग भरलेली. वॅगाला आज मुक्काम केला तरच सकाळी ऑपरेशन होणार, नाहीतर ती दोरी गेलीच. ती आत आली, नवऱ्याकडं बघितलं. त्याला चहाचा मग उचलता येत नव्हता, तो वाकून टेबलावरच्या मगाला तोंड लावत होता.

"लेस्टर, हात दुखतोय का तुझा?"

हा मुद्दा कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

लेस्टरनं तोंड उघडलं.

"थांब काका," विरेमू घाईनं म्हणला. "काकू, तुम्ही मतदान चालू असताना मेंढीला प्रश्न विचारताय. हे बसत नाही."

"मेंढी?" रोएनानं एकेकाकडं बघितलं. "मेंढी परवडली, तिला निदान पळून जायचं तरी कळतं. मी गाडीत बसतेय, लेस्टर. तुझा चहा संपेपर्यंत थांबते. मग जाते, तू असलास तरी आणि नसलास तरी."

"निकाल लागला की आलोच गं," लेस्टर म्हणला. डोळे मात्र दाराकडं लागलेले. जायचं त्याला होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बहुमत नसताना जायचं कसं? आणि उद्या मनगट आखडलं तर ते एकट्याचं आखडलं असं नाही का होणार?

तर पाहुणे, ही गोष्ट आजचीच आहे. बाहेर हॉर्न वाजतोय तो रोएनाचा. आत्ताच टोपी उलटी केली आणि तीन-तीनच निघाले. नियमानं लेस्टरनं पुढची मेंढी ओढून आणलीय, उजव्यानं धरवत नाही म्हणून गुडघ्यात दाबलीय. बरोबरी फोडायला कुणी तरी पाहिजे, आणि विरेमूचं बोट तुमच्याकडं आहे. मनगटातलं काही कळत नाही म्हणता? मग तर तुम्ही पक्के पात्र. आणि उगाच संकोच करू नका, मी सांगत होतो तेव्हाच तुमचं मत होऊन गेलं होतं, तुमची मान हलताना मी पाहिलीय.

ही घ्या चिठ्ठी, ही पेन्सिल. फक्त एक मेहरबानी करा. लिहिताना त्याच्याकडं बघू नका. मत बिघडतं.