दुकान बंद

लिमयेबाईंवर कोणी आवाज चढवला, तर त्या उलट भांडत नसत. चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे विचारत, "कुठे दुखतंय?" मग समोरच्याचं डोकं आणखीच फिरायचं.

रिक्षावाला स्वारगेटला यायला नाही म्हणाला, की "कुठे दुखतंय?" बँकेतला कारकून खेकसला, की "पोट साफ नाही वाटतं." माझे यजमान एकदा मला न्यायला शाळेत आले आणि उशीर झाला म्हणून कुरकुरले, तर बाईंनी त्यांना जीभ दाखवायला लावली. त्यांनी दाखवलीसुद्धा. तेव्हापासून ते फाटकाबाहेरच थांबतात.

शाळा सदाशिव पेठेतली, स्वमग्न मुलांची. माझा वर्ग बाईंच्या वर्गाला लागून. बाईंच्या गळ्यात कायम दोरीला बांधलेली छोटी विजेरी. एखादं मूल किंचाळायला लागलं, की आम्ही चित्रांची कार्डं शोधायचो आणि बाई विजेरी लावून त्याचा कान बघायच्या. "आधी पोट, दात, कान, झोप. मग पाढे," हा त्यांचा मंत्र. कंप्युटर कंपनीतल्या इस्त्रीच्या कपड्यांतल्या आयांना त्या भर व्हरांड्यात खणखणीत आवाजात विचारत, "याला शी कधी झाली होती?" त्या बिचाऱ्या लाजून अर्ध्या होत.

त्यांच्या वर्गात सई होती, नऊ वर्षांची. आईवडील सकाळीच कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचे आणि आजोबा तिला वारज्याहून स्कूटरवर आणायचे. आजोबांचं तिकडे किराणा मालाचं दुकान. सई स्वतःचं असं फारसं बोलत नसे, ऐकलेली वाक्यं तेवढी म्हणे. पण हातच्याची वजाबाकी झकास करायची.

अचानक तिचं सगळं बिनसलं. वह्या फाडायची, स्वतःच्याच गालावर थपडा मारायची. शाळेतल्या मावशींच्या हाताला तर कडकडून चावली, बाईंची विजेरीही जवळ येऊ देईना. आणि दिवसभर एकच घोष, "दुकान बंद. दुकान बंद."

मुख्याध्यापिकाबाईंनी आजोबांना बोलावून घेतलं. लिमयेबाई आणि मीही तिथे होतो. "हा ऑटिझमचाच भाग आहे हो, वाढत चाललाय. आता ही आपल्या शाळेत बसण्यातली नाही. सोमवारपासून घरीच ठेवा."

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दुसऱ्या दोन शाळांनी आधीच नाही म्हटलंय. घरी बसवली तर हिच्या आईला नोकरी सोडावी लागेल. आणि वजाबाकी येत होती हो तिला."

लिमयेबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. एकदम म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही हिला भरवताना काय म्हणता?"

आजोबा ओशाळले. "आमची आपली गंमत. 'दुकान उघडा, माल आला' म्हणतो. मग ती आ करते."

"आणि ती दुकान बंद म्हणते तेव्हा?"

"मी सांगतो, नाही गं बाळा, आपलं दुकान चालू आहे."

"अहो, तुमचं दुकान नव्हे! तोंड दुखतंय तिचं!"

दाढ किडून मुळाशी पू झाला होता. दाढ काढली, जखम भरली आणि सई पुन्हा हातचे घ्यायला लागली. कोणी अभिनंदन केलं तर बाई तुटकपणे म्हणायच्या, "तिचा ऑटिझम जिथल्या तिथे आहे. गेली ती दाढ."

दिवाळीच्या सुटीनंतर मात्र बाईच बिघडल्या. येता-जाता खेकसायच्या, डबा न उघडता परत न्यायच्या. "रिटायर व्हायला आल्यात," असं आम्ही चहाबरोबर ठरवून टाकलं.

एके दिवशी मधल्या सुटीत आमच्या दोन्ही वर्गांची मुलं एकत्र डबे खात होती. बाई आपला बंद डबा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. सई उठली आणि त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"दुकान बंद?"

बाईंनी चष्मा काढला. "हो गं. बंद आहे."

मग माझ्याकडे वळून त्या बोलल्या. त्यांना धाकटा भाऊ होता, विनू. जन्मात एक शब्द बोलला नाही. आईवडिलांमागे बाईंनीच त्याला सांभाळला, इथेच, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. सुटीत तो गेला. इतकी वर्षं शेजारच्या वर्गात काढून मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

"घरी गेलं की चप्पल काढायच्या आधी त्याला विचारायचे, कुठे दुखतंय. हात लावून लावून शोधायचे," बाई म्हणाल्या. "आता घरी जाऊन कोणाला विचारू?"

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

सईने आपल्या डब्यातल्या पोळीचा तुकडा मोडला, गुळांब्यात बुडवला. बाईंकडे तिने पाहिलं नाही. ती कोणाकडेच पाहत नाही. खिडकीकडे बघतच तिने हात पुढे केला.

"दुकान उघडा. माल आला."

बाईंनी आ केला.