शब्बीरभाईंची तीन बटणं

आमच्या येडगावच्या मारुतीच्या देवळात माईकवर ‘हॅलो, हॅलो’ म्हणायला बंदी आहे. बंदी शब्बीरभाईंची. कुणी चुकून म्हणालंच, तर मागून आवाज येतो, “फोन आलाय व्हय? मग भायेर जाऊन बोला!” माईक तपासायचा तर ‘भात, भाकरी, भाजी’ म्हणायचं. ‘भ’ला स्पीकर फुसफुसला नाही, म्हणजे माईक तोंडापासून बरोबर लांब आहे. सरपंचांनाही भाषणाआधी हे सगळं जेवण म्हणावं लागतं.

नारायणगावात शब्बीरभाईंचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या देवळातला आणि तिथल्या मशिदीतला आवाज म्हणजे आपली खासगी मालमत्ता, अशी त्यांची समजूत आहे.

देवळात आवाजाचा नवा मिक्सर आला तेव्हा आम्ही भजनी मंडळवाले हरखून गेलो. ओळीनं फिरवायची बटणंच बटणं! प्रत्येकाला एकतरी फिरवून बघायचं होतं. पहिल्याच कीर्तनात महाराजांचं तोंड हलत होतं आणि ऐकू नुसता पखवाज येत होता. मी पेटीवर. माझ्या पेटीवर अन्याय होतोय असं वाटून मी हळूच एक बटण पिळलं, तर अशी शिट्टी वाजली की नैवेद्यापाशी बसलेलं मांजर थेट घंटेला लटकलं.

दुसऱ्या दिवशी भाई पक्कड घेऊन आले आणि बटणांच्या टोप्या उपटू लागले. तीन ठेवल्या, बाकीच्या शर्टाच्या खिशात. “बटणं दिसली की तुमचे हात शिवशिवत्यात, राव! आता ह्ये महाराज, ह्यो पखवाज, ही पेटी.” तिन्हींपाशी नेलपॉलिशची रेघ ओढली. “रेघेपत्तूर फिरवायचं आन हात जोडून बसायचं.”

मशिदीत त्यांनी एकच बटण ठेवलंय. म्हणे, “तिथली मंडळी तुमच्यापरीस हौशी.”

मोबाइल बंद करायलाही सुनेला हाक मारणाऱ्या आमच्या गुणाक्का आता मिक्सर एकट्या सांभाळू लागल्या. आणि तिथंच घात झाला. पूर्वी दर शनिवारी भाईंना बोलवावं लागायचं. स्कूटरवरून यायचे, सगळ्यांना झाडायचे, चहा प्यायचे आणि भजन संपेपर्यंत हलायचे नाहीत. आता बोलवायला कारणच उरलं नाही. भाभी गेल्यापासून घरात ते एकटेच, लेक मंचरला दिलेली. मग त्यांचाच फोन यायचा.

“शिट्टी मारतंय का?”

“नाय भाई, झकास चाललंय.”

“बरं, बरं.”

त्या ‘बरं’नं मला फार वाईट वाटायचं.

एका शनिवारी गुणाक्काच म्हणाल्या, “आरं, आपल्याला शानं करून त्यो मानूस एकटा पडला की!” आणि त्यांनी फोन लावला. “भाऊ, लई शिट्टी मारतंय बघा. लगोलग या.”

भाई आले. त्यांनी थांबलेला पंखा पाहिला, पेटवलेल्या समया पाहिल्या. गावात सकाळपासून वीज नव्हती. गुणाक्का पदराशी चाळा करत जमिनीकडे बघू लागल्या.

भाई मिक्सरपुढं बसले, महाराजांचं बटण रेघेपुढं नेलं, पुन्हा रेघेवर आणलं. मग स्पीकरला कान लावून बराच वेळ ऐकलं.

“आता न्हाई मारत,” ते म्हणाले. “पण मी येत जाईन शनवारी. तुमचा काय भरवसा न्हाई.”