जनित्र क्रमांक दोन सावकाश उतरविल्याची हकीकत

धरणे कोणी बांधिली, नद्या कोणी अडविल्या, याचे वृत्तांत थोर दफ्तरांत आहेतच. परंतु जनित्र क्रमांक दोन दहा मिनिटांऐवजी पन्नास मिनिटांत कैसे बंद जाहले, ही मोहीम कोणी नमूद केली नाही. सबब जे घडले ते मापांसह येथे लिहिले असे.

धरणाच्या पायथ्यास वीजघर, आणि वीजघराखाली नदीचा उथळ, गोट्यांचा काठ, आणि त्या काठी बोटभर लांबीचा एक मासा, जो दुसऱ्या कोणत्याही नदीत नाही, सालातून एकदा अंडी घाली. पिल्लांस पहिले पंधरा दिवस प्रवाहात टिकण्याचे बळ नसे, म्हणून ती काठ धरून राहत. आणि रोज दुपारी दोनास दहा कमी असता जनित्र बंद होऊ लागे, आणि मग दहा मिनिटांत पाणी हातभर उतरे, आणि पिल्ले गोट्यांमधील डबक्यांत कैद होऊन उन्हाने मरत. ऐसी दोन साले गेली. मासा तीन सालेच जगणारा. तिसरेही साल गेले तर पुढे अंडी घालण्यास कोणी उरणार नाही, ऐसा बाका प्रसंग येऊन ठेपला.

तेव्हा मत्स्य खात्याच्या संशोधक बाईसाहेब, गुडघाभर बूट चढवून, हाती बादली आणि मोजपट्टी घेऊन, मैदानात उतरल्या. आधी त्यांनी थोरल्या कचेरीस चौदा खलिते रवाना केले. तेथून जबाब आला जे, वीज राखावी की मासे, या मसलतीसाठी समिती नामजाद जाहली असून समितीच्या बैठकीसाठी उपसमिती नेमणे आहे. मग बाईसाहेबांनी, कोणत्या वेळी किती वीज हवी हे ठरविणाऱ्या केंद्रास फोन लाविला. तेथील मनुष्य म्हणाला, "आमचं काही नाही हो. पावणेदोन ते तीनमध्ये कधीही बंद करा, कसंही करा."

बाईसाहेबांनी फोन खाली ठेविला. चौदा खलित्यांनी ज्या गनिमाशी लढलो तो गनीम रणात नव्हताच, हे तेव्हा उमजले. दहा मिनिटांचा हुकूम वीजघरातीलच होता, आणि तो सकाळपाळीच्या सरदारांचा, आणि ते सरदार म्हणजे बाईसाहेबांचे सख्खे मामा.

मामांची चाकरी बत्तीस वर्षांची. पाळी देताना रजिस्टरात 'चालू' अथवा 'बंद' लिहावे. तिसरा रकाना नाही. आणि पाळी घेणारे दुपारचे सरदार, ते मामांचे व्याही, ज्यांच्या घरी मामांची लेक दिलेली. बाईसाहेब बुटांसह कंट्रोल रूमवर चालून गेल्या, तेव्हा दीड वाजला होता.

"मामा, पन्नास मिनिटं घ्या ना. पाणी सावकाश उतरलं तर पिल्लं त्याच्याबरोबर खाली सरकतात."

"म्हणजे मी घरी, आणि मशीन अर्धवट? ते कोणाच्या गळ्यात, व्याह्यांच्या?"

"मग काय झालं?"

"तुला काय जातंय. लेकीच्या घरचं माणूस आहे ते. उद्या जेवताना तिला ऐकवतील, तुझे बाबा उष्टं काम ठेवून जातात. आधी ते बूट बाहेर काढ."

"काल दोनशे चौदा मेली, मामा."

"मोजलीस?"

"एकेक."

मामांनी चष्मा काढून पुसला. मग फर्मान सुटले जे, विचार करण्यात येईल, परंतु व्याह्यांस यातील एक अक्षर कळता कामा नये.

आणि व्याही दारात उभे होते. ते नित्य पाऊण तास आधी येत, आणि दोनच्या आधी आत जाणे म्हणजे दुसऱ्याच्या अमलात दखल देणे, या रिवाजाने बाहेर डबा घेऊन थांबत. भिंत पातळ. त्यांनी सर्व ऐकिले होते.

"अहो व्याही," ते म्हणाले, "दोन वर्षं झाली तुमच्याकडून पाळी घ्यायला लागून, मी येतो तेव्हा सगळं बंद. पुसलेलं. खुर्चीसुद्धा आत सरकवलेली. मी तर घरी म्हणतो, यांचा माझ्यावर भरवसाच नाही. मशीन तापलेलं असताना कधी हात लावू देत नाहीत."

"लेकीला म्हणालात असं?"

"तिलाच म्हणालो."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा मलाही गॅस बंद करू देत नसत."

येथे मामांची शिकस्त जाहली. मग तेथेच टेबलावर तह ठरला: रजिस्टरात पट्टीने तिसरा रकाना आखावा, त्यास 'उतरते' म्हणावे, आणि त्याखाली देणाराने व घेणाराने, दोघांनी सही करावी. आणि एक पन्नास वाजता मामांनी झडप पहिल्या खुणेवर आणिली, आणि दोन वाजता व्याह्यांनी दुसऱ्या खुणेवर, आणि मग मामांनी डबा उचलून कूच केले. परंतु बत्तीस वर्षांत यंत्र अर्धवट ठेवून ते प्रथमच निघत होते, म्हणून फाटकातून दोन वेळा माघारी आले, आणि दोन्ही वेळा व्याह्यांनी काचेआडून हातानेच, जा, ऐसे सांगितले.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी जनित्र बंद. पाणी हातभर उतरले, पण बोटाबोटाने. बाईसाहेबांनी काठाची एकतीस डबकी तपासिली: पिल्ले नऊ, नऊही जिवंत, बादलीने प्रवाहाकाठी सोडिली. वीज घटली नाही. किंचित वाढली, तिचे काय करावे हे कोणी विचारिले नाही. समितीस कळविले, पोच आली नाही. रजिस्टरात तिसऱ्या रकान्याखाली दोन सह्या आहेत, आणि व्याह्यांची मामांच्याहून दुप्पट मोठी आहे. येणेप्रमाणे फत्ते.