नऊ नंबरची चूल

शालूमावशी रोज सकाळी चहाचा कप घेऊन आमच्या दारात उभी राहायची आणि समोरच्या घरांच्या चुली पेटल्यात का ते बघायची.

आयर्लंडमधल्या एनिस गावात चुली कुठून आल्या, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. इथे घर ऊबदार ठेवायला प्रत्येकाकडे बॉयलर असतो आणि त्याचं नळकांडं भिंतीतून बाहेर आलेलं असतं. बॉयलर सुरू झाला की त्यातून पांढरी वाफ निघते. मावशीच्या लेखी तीच चूल. आमच्या वसाहतीत चौदा घरं, सगळी एका साच्यातली. मावशी एकेक नळकांडं निरखायची आणि आत येऊन खबर द्यायची.

"तेरा पेटल्या. चार नंबरवाली आज उशिरा उठली. रात्री बाळ रडलं असंल."

"मावशी, लोकांच्या घरांकडे असं टक लावून बघत नाहीत इथे."

"मग कुणी बघायचं?" ती विचारायची.

मावशी गडहिंग्लजची. तिकडच्या बायकांसारखी स्वतःबद्दलही "मी जातो, मी करतो" असंच बोलायची. माझी आई नाही, म्हणून २०२० च्या फेब्रुवारीत ती माझ्या बाळंतपणाला आली. सोबत डिंकाचे लाडू, लोखंडी तवा आणि तीन महिन्यांनी परतायचं तिकीट. मार्चमध्ये सगळं बंद झालं. तीन महिन्यांचे चौदा महिने झाले. माझी इरा चालायला लागली. तिकीट आम्ही दोनदा नव्याने काढलं आणि दोनदा ते रद्द झालं.

तिकडे मावशीचे यजमान, आमचे काका, एकटे होते. वय बहात्तर आणि जोडीला जुना दमा. शेजारच्या सुनंदाताई दोन वेळचा डबा द्यायच्या. आपण परत जाईपर्यंत या माणसाला काही होऊ नये, एवढं एकच मागणं मावशीचं देवाकडे होतं. बाकीची तिची सगळी बडबड त्या भीतीवर टाकलेलं पांघरूण होतं, हे मला फार उशिरा कळलं.

काका मुलखाचे अबोल. रोज दुपारी मावशी फोन लावायची. पलंगाखालच्या ट्रंकेपासून परसातल्या शेवग्यापर्यंत सगळ्याची चौकशी करायची. मग विचारायची, "जेवलासा?"

"हं."

"गोळी घेतली?"

"हं."

"ठेवू मग?"

"हं."

या तीन हुंकारांवर ती दुसऱ्या दुपारपर्यंत तग धरायची.

आमच्या वसाहतीतली शांतता तिला मुळीच पसंत नव्हती. इथे कुणी मोठ्याने बोलत नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. दुपारी शेजाऱ्याने कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलं तर तेवढाच आवाज. मी या शांततेसाठी रोज देवाचे आभार मानायचे. मावशी मात्र कान टवकारून म्हणायची, "गल्लीत एवढी सामसूम? लक्षण काय बरं न्हाई."

२०२१ च्या एप्रिलात एक दिवस ती आत आली ती चहा न पिताच. "नऊ नंबरची चूल पेटली न्हाई. कालबी न्हवती. पडदंबी बंद."

समोरच्या नऊ नंबरात डेक्लन राहायचा. पन्नाशीचा, एकटा. त्याची म्हातारी आई पोर्टलीशला असते आणि जिल्ह्याबाहेर जायला बंदी असल्याने त्याला कित्येक महिन्यांत तिला भेटता आलेलं नाही, हे मीच मावशीला सांगितलं होतं. नको तिथे तोंड उघडण्याची माझी जुनी खोड.

"गावाला गेला असेल," मी म्हटलं.

"गाडी दारात हाय. आय गेली त्याची."

"मावशी!"

"पडदं बंद, चूल बंद. एकटा पोरगा आत बसलाय गं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इराला आंघोळ घालायला वर गेले. खाली आले तेव्हा स्वयंपाकघरात पिठल्याचा वास होता, आणि मावशी नव्हती.

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो. हा तिच्या गल्लीचा रिवाज आणि तो तिने इथे लागू केला होता. मी इराला कडेवर घेऊन अनवाणी धावले. पाहते तर मावशी नऊ नंबरच्या दारात. नऊवारी, त्यावर माझ्या नवऱ्याचं जाकीट, तोंडावर मास्क आणि हातात माझा स्टीलचा डबा. दार उघडलेलं. आत डेक्लन झोपेतून उठून आलेला, केस विस्कटलेले, अंगात गाउन. मावशी पदराने डोळे पुसत त्याला म्हणत होती, "रडू नगंस बाबा. आय कुणाला जन्माला पुरती व्हय?"

डेक्लनला यातलं अक्षर कळलं नाही. पण समोर एक म्हातारी बाई रडते आहे, एवढं कळलं. तो सावरून उभा राहिला, गाउनचा पट्टा घट्ट केला आणि मान खाली घालून म्हणाला, "आय ॲम सॉरी फॉर युअर ट्रबल."

इथे मयताच्या घरी जाऊन म्हणायचं हे ठरलेलं वाक्य. त्याला वाटलं, आमच्याकडचं कुणी गेलं. तो तिचं सांत्वन करत होता, ती त्याचं. आणि दोन्ही घरांत सगळी माणसं जिवंत होती.

मी धापा टाकत दोघांनाही खुलासा केला. डेक्लनला त्या आठवड्यात शॅननच्या कारखान्यात रात्रपाळी लागली होती. दिवसा पडदे ओढून तो झोपायचा. आईची तब्येत 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत झकास, होती. तो हसायला लागला, मीही हसले. मावशी हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

घरी येऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली. "मयत नसताना मयताचा भात शिजवला मी. आता त्यो भात घर शोधणार."

"काहीतरीच काय!"

"गप बस. आता त्यो डबा त्यानं आपल्या हातानं भरून, गोड घालून परत दिला तरच हे फिटंल. आपण मागायचा न्हाई."

हा नियम कुठल्या शास्त्रात आहे कोण जाणे. माझा संशय असा की मावशीने तो त्याच पायरीवर बसून केला. पण तिने केला आणि स्वतःच त्यात बांधली गेली.

आठव्या दिवशी सुनंदाताईंचा फोन आला. काकांना ताप होता, धाप लागत होती. संध्याकाळपर्यंत त्यांना दवाखान्यात खाट मिळाली. ती कशी मिळवली ते सुनंदाताईंनाच माहीत.

त्यानंतर मावशीचं बोलणं थांबलं. ती चुली बघेना. फक्त खिडकीत बसून नऊ नंबरच्या दाराकडे बघायची. घर इतकं शांत झालं की इरासुद्धा दबक्या आवाजात खेळायला लागली. जी शांतता मला इतकी आवडायची तिची मला धास्ती वाटू लागली. सुनंदाताई सकाळ-संध्याकाळ ऑक्सिजनचा आकडा कळवायच्या आणि मी तो मावशीला वाढवून सांगायचे. चौऱ्याऐंशीचे मी नव्वद करायचे. ती मान डोलवायची आणि विचारायची, "डबा आला?"

डबा येत नव्हता. डेक्लन तर आता रस्त्यात आम्ही दिसलो की घाईने घरात शिरायचा. एकदा तर त्याने मला बघून गाडीतच बसून राहणं पसंत केलं. मला संताप आला. एक डबा परत द्यायला काय होतं माणसाला? काका दवाखान्यात गेल्याच्या दहाव्या दिवशी मी मावशीचा नियम मोडला. ती झोपलेली पाहून नऊ नंबरचं दार वाजवलं आणि सरळ म्हटलं, "माझा डबा हवा आहे."

डेक्लन कानापर्यंत लाल झाला. "दोन दिवस दे," तो म्हणाला. "माझी आई म्हणते, कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. ती फोनवरून ॲपल टार्ट शिकवते आहे. तीनदा केलं, तीनदा जळालं. तुला तोंड कसं दाखवू?"

मी त्याच्या दारात उभी राहून हसले आणि हसता हसता रडायला लागले. मग त्याला काकांबद्दल सगळं सांगितलं. तो मान हलवून तडक ओव्हन लावायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजली. डेक्लन डबा पायरीवर ठेवून चार पावलं मागे जाऊन उभा होता. मावशी बाहेर आली. डब्यात टार्ट होतं, एका कडेने काळं पडलेलं. तिने तुकडा मोडला, मास्क खाली करून तोंडात टाकला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "ग्रँड." चौदा महिन्यांत तिने उचललेला हा एकच शब्द. तो खुशीत हात हलवत गेला.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरीही आत आल्याबरोबर तिच्याआधी फोन मी पाहिला. त्यावर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आकडा शहाऐंशी. तिसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. मग सुनंदाताईंचा फोन चोवीस तास लागेना. त्या चोवीस तासांत मी जे काही मनात आणलं ते लिहिण्यासारखं नाही. नंतर कळलं, त्यांच्याकडे वादळात वीज गेली होती. पुढच्या आठवड्यात काका घरी आले.

त्या दुपारी मावशीने फोन लावला. मी भांडी प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, लावत होते.

"जेवलासा?"

"हं."

"गोळी घेतली?"

"हं."

"ठेवू मग?"

पलीकडून हुंकार आला नाही. मग काकांचा बसका आवाज आला. "ठेवू नगंस. घर लई शांत हाय गं."

चाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांचं पहिलं गाऱ्हाणं असावं. सगळ्या जगाला बोलून हैराण करणाऱ्या माझ्या मावशीला त्या वेळी एक शब्द सापडला नाही. ती उठली. फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला. परातीत पीठ घेतलं, मळलं आणि भाकरी थापायला लागली. थप थप थप, मधे बांगड्यांची किणकिण. नेहमीपेक्षा जरा जोरात थापत होती.

"ऐकू येतंय न्हवं?" तिने विचारलं.

"हं," काका म्हणाले.

आम्हा तिघांना चार भाकऱ्या पुरतात. त्या दिवशी मावशीने अकरा थापल्या.