शेजारी मृत

आमच्या जोडणी खात्यात दोन लिनक्स सर्व्हर आहेत. कुठली माहिती कोणत्या वाटेने पाठवायची, हे त्यांच्यावरची एक मुक्त प्रणाली ठरवते. तिचा कोड सगळ्यांना खुला आणि ती फुकट, त्यामुळे खात्यात तिला कोणी विचारत नाही. संदेश मात्र ती शुद्ध मराठीत देते, कारण मोठ्या साहेबांनी सगळे शब्द स्वतः बसवले आहेत. तारेच्या पलीकडच्या टोकाला, दुसऱ्या कार्यालयात असलेला सर्व्हर म्हणजे ‘शेजारी’. तो उत्तर देईनासा झाला की ‘मृत’.

मंगळवारी सकाळी पडद्यावर आलं: ‘शेजारी मृत.’

पलीकडे इस्पितळ होतं. आमचा तंत्रज्ञ, ज्याला सगळे वायरमामा म्हणतात, धावतच साहेबांच्या खोलीत शिरला. त्याच्या वडिलांच्या मेंदूचं ऑपरेशन तिथे व्हायचं होतं, आणि तपासणी केंद्रातून त्यांचा स्कॅन आमच्याच वाटेने जाणार होता. स्कॅन पाहिल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते.

“साहेब, कालच्या अपडेटमध्ये शेजाऱ्याचा पत्ता एका आकड्याने चुकलाय. एक ओळ बदलू द्या.”

साहेबांनी चष्मा काढला. “वाईट झालं. वय काय होतं?”

“कोणाचं?”

“शेजाऱ्याचं.”

“साहेब, तो सर्व्हर आहे. चार वर्षांचा.”

“अरेरे. हे काय जायचं वय?”

वायरमामाने कपाळावर हात मारून घेतला. “तो मेलेला नाही हो. पत्ता सुधारला की जिवंत होतो.”

“मेलेल्याला जिवंत करायचे अधिकार आपल्या खात्याला नाहीत,” साहेब शांतपणे म्हणाले. “आणि ‘मृत’ हा शब्द मी मंजूर केलाय. तो चुकेल कसा?”

शब्द खरा म्हटल्यावर शोकसभा ओघानेच आली. दिवंगत शेजारी मितभाषी होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असं उपसाहेब म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला. खोटं कशाला बोलू, मलाही गलबलून आलं. मग अर्ध्या दिवसाचा दुखवटा जाहीर झाला आणि त्याचं परिपत्रक शहरातल्या सगळ्या कार्यालयांना फोनवरून वाचून दाखवलं गेलं. एकाच ठिकाणाहून शंका आली: सुट्टी भरपगारी ना?

आम्ही माना खाली घालून उभे असताना वायरमामा मागच्या मागे सटकला. त्याने ती ओळ सुधारली, प्रणाली पुन्हा सुरू केली. ‘शेजारी जिवंत’ असं पडद्यावर उमटलं आणि स्कॅन निघाला. त्याने लगेच इस्पितळात बसलेल्या बहिणीला फोन लावला.

“ताई, स्कॅन आला?”

“आला रे. पण डॉक्टर गेले.”

“कुठे?”

“घरी. कोणी मोठं माणूस वारलंय म्हणे, सुट्टी आहे. आता उद्या बघू म्हणाले. बाबा सकाळपासून उपाशी आहेत. सारखं विचारतायत, मी उद्यापर्यंत टिकेन ना गं?”

वायरमामा फोन हातात धरून खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “एवढा जीव होता तुझा शेजाऱ्यावर?”

आता तुम्ही आमच्या साहेबांना हसाल. खुशाल हसा. पण त्या मंगळवारी दुपारी तुम्हीही लवकर घरी येऊन पाय ताणून झोपलात. कोण गेलं, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?